मदत हवी आहे: कार्तिकी की आर्या, भाचीला कुणाचं ऐकवू?

मंडळी, भाची इथं कोल्हापुरात मंगळवार पेठेत गाणं शिकत्या. ऑडिशनला जायचंय म्हणून २००९ च्या 'लिटिल चॅम्प्स' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या शेवटच्या पाचही जणांचं ऐकवायला बसलो आणि आमच्यात भांडणच लागलं! वहिनींचं मत आर्या आंबेकर. गाताना घेतलेली एक हरकत, म्हंजी सुरांची बारीक नक्षी, वाया जात नाही म्हणत्यात. मी कार्तिकी गायकवाडचा. गवळणीतला तो खडा आवाज, पहिल्याच ओळीला काटा! उगाच जिंकली नाही ती. रोहित राऊतचं हिंदी नाद खुळा, पण पोरीची पट्टी वेगळी. प्रथमेशचे अभंग आईला आवडतात. मुग्धाला कोण नावं ठेवणार?

भाचीचा आवाज जाडसर हाय, वरच्या सा ला चिरकतो. अशा आवाजाला ऑडिशनसाठी लोकगीत बरं की नाट्यगीत? इथल्या देवल क्लबात, म्हंजी गाणं शिकवणाऱ्या जुन्या संस्थेत, शिकलेलं कुणी असेल तर सांगा. नुसतं 'दोघी भारी' नको.