मदत हवी आहे: मिडपॉइंट आणि ओपनएलडॅपमध्ये विद्यार्थी व प्राध्यापक यांचे ऑब्जेक्ट प्रकार वेगळे ठेवावेत का?

नमस्कार,

आमच्या शिक्षणसंस्थेच्या सर्व महाविद्यालयांसाठी एकच लॉगिन असावे म्हणून मिडपॉइंट (सर्वांची खाती सांभाळणारी प्रणाली) बसवण्याचे काम सुरू आहे. त्याच्यामागे ओपनएलडॅपची डिरेक्टरी (व्यक्तींच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) असून वाय-फाय, ग्रंथालय आणि मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रमांची प्रणाली) या तिन्हींचे लॉगिन तिच्यावरूनच तपासले जाते. माहिती दोन ठिकाणांहून येते. आस्थापना विभाग कर्मचाऱ्यांची सीएसव्ही फाइल देतो, तर विद्यार्थ्यांची माहिती प्रवेश विभागाच्या डेटाबेसमधून, पीआरएनसह (विद्यापीठाने दिलेल्या नोंदणी क्रमांकासह) येते.

डिरेक्टरीच्या स्कीमात (नोंदींच्या रचनेच्या नियमांत) इनेटऑर्गपर्सन या व्यक्तींसाठीच्या प्रमाणित क्लासपासून काढलेले दोन स्ट्रक्चरल ऑब्जेक्टक्लास, म्हणजे नोंदीचा मूळ प्रकार ठरवणारे क्लास, पूर्वीपासून आहेत, एक विद्यार्थ्यासाठी आणि एक कर्मचाऱ्यासाठी. त्यांना अनुसरून मिडपॉइंटच्या रिसोर्समध्येही (डिरेक्टरीशी जोडणीच्या व्याख्येत) ‘अकाउंट’ या काइंडखाली (मुख्य प्रकाराखाली) दोन इंटेंट (उपप्रकार) केलेले आहेत. एमएस्सी झालेला विद्यार्थी जूनमध्ये तासिका तत्त्वावर शिकवायला लागतो किंवा कायम प्राध्यापक पीएचडीसाठी नोंदणी करतात, तोपर्यंत हे सुरळीत चालते. अशा वेळी नोंदीचा क्लास बदलायला गेल्यास सर्व्हर ६९ क्रमांकाची त्रुटी देऊन नकार देतो. जुनी नोंद पुसून नवी केली तर एन्ट्रीयूयूआयडी (सर्व्हरने नोंदीला दिलेली कायमची ओळख) बदलते आणि मिडपॉइंट तिला परके खाते समजतो. दुसरी नोंद उघडली तर एकाच माणसाचे दोन यूआयडी (लॉगिनची नावे) आणि दोन पासवर्ड होतात.

माझे प्रश्न असे आहेत. ऑब्जेक्ट प्रकार एकच ठेवावा की दोन? पीआरएन कोणत्या ॲट्रिब्यूटमध्ये (नोंदीतील रकान्यात) ठेवावा, कारण एम्प्लॉयीनंबर हे कर्मचारी क्रमांकाचे ॲट्रिब्यूट वापरावा असे आमच्यापैकी काहींचे मत आहे? आणि दोन्ही स्रोतांतून आलेली व्यक्ती एकच आहे हे कशावरून ठरवावे?

प्रतिसाद १

सर्व्हरचा नकार योग्यच आहे. आरएफसी ४५१२ या एलडॅपच्या मानक दस्तऐवजानुसार प्रत्येक नोंदीची स्ट्रक्चरल क्लासची साखळी एकच असते आणि नोंद तयार झाल्यावर ती बदलता येत नाही. ऑक्झिलरी (पूरक) क्लास मात्र केव्हाही जोडता आणि काढता येतात. त्यामुळे माणसाच्या आयुष्यात जे बदलू शकते ते स्ट्रक्चरल क्लासमध्ये बांधून ठेवू नये. सर्वांसाठी इनेटऑर्गपर्सन हाच स्ट्रक्चरल क्लास ठेवा आणि विद्यार्थी व कर्मचारी असे दोन ऑक्झिलरी क्लास करा. पीएचडी करणाऱ्या प्राध्यापकांच्या नोंदीवर दोन्ही क्लास सुखाने नांदतील.

पीआरएनसाठी एम्प्लॉयीनंबर अजिबात वापरू नका. आरएफसी २७९८ मध्ये ते एकमूल्यी आहे (त्यात एकच मूल्य बसते), म्हणजे ज्यांना कर्मचारी क्रमांक आणि पीआरएन दोन्ही आहेत नेमके त्यांच्याच बाबतीत अडेल. स्वतःचे ॲट्रिब्यूट तयार करा आणि ते बहुमूल्यी ठेवा, कारण विद्यापीठ बदलले की पीआरएनही बदलतो. सिंटॅक्स (मूल्याचा प्रकार) डिरेक्टरी स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, घ्या. क्रमांक दिसला की पूर्णांकाचा सिंटॅक्स निवडण्याचा मोह होतो, पण पीआरएनची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, आणि सुरुवातीचे शून्य किंवा मधले अक्षर आले की तो सिंटॅक्स मोडतो. ॲट्रिब्यूट ऐच्छिकच ठेवा. ते सक्तीचे केले तर क्लास जोडतानाच मूल्य द्यावे लागेल, आणि विद्यापीठाकडून पीआरएन येईपर्यंत मुलांचे वर्ग सुरू झालेले असतात, हे आपण जाणताच.

जुन्या स्कीमातील ओआयडी (प्रत्येक क्लास व ॲट्रिब्यूटला दिलेले एकमेव क्रमांक) मनाने ठरवलेले असतील, तर तेही याच वेळी बदलून घ्यावेत. आयाना या इंटरनेटवरील क्रमांक वाटणाऱ्या संस्थेकडून एंटरप्राइझ क्रमांक विनामूल्य मिळतो आणि १.३.६.१.४.१ या शाखेखाली आपली स्वतःची जागा होते.

मिडपॉइंटमध्ये ऑब्जेक्ट प्रकार एकच करा: काइंड अकाउंट, इंटेंट डीफॉल्ट, आणि सीमा इनेटऑर्गपर्सन व व्यक्तींच्या ओयूवरून (डिरेक्टरीतील शाखेवरून) ठरवलेली. ऑक्झिलरी क्लास त्या प्रकारावर सरसकट लावू नका. ते मॅपिंगमधून (मूल्ये ठरवणाऱ्या नियमांतून), त्या व्यक्तीला दिलेल्या भूमिकेनुसार लागू द्या. वेगळा इंटेंट तेव्हाच करावा, जेव्हा खाते खरोखरच वेगळे असते, म्हणजे त्याचा पासवर्ड आणि त्याचे सुरू-बंद होणे स्वतंत्र असते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे प्रशासकीय खाते हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

हाच घोळ वरच्या पातळीवरही होऊ शकतो. मिडपॉइंटमध्ये एका युजरला एकच स्ट्रक्चरल आर्केटाइप (युजरचा मूळ प्रकार) देता येतो. ‘विद्यार्थी’ आणि ‘प्राध्यापक’ असे दोन आर्केटाइप केलेत, तर डिरेक्टरीतून काढलेली अडचण तिथे पुन्हा उभी राहील. आर्केटाइप ‘व्यक्ती’ एवढाच ठेवा आणि बाकीचे भूमिकांवर सोपवा.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मग सध्याच्या नोंदींचे काय करावे? त्यांचा स्ट्रक्चरल क्लास बदलता येत नाही आणि एन्ट्रीयूयूआयडी गमावायची नाही. तसेच पूर्ण नाव देवनागरीतही ठेवायचे आहे. चाचणीच्या सर्व्हरवर देवनागरी नाव साठते आणि दिसते, परंतु त्यावरून शोध घेतला की भलतेच निकाल येतात.

प्रतिसाद २

चालू सर्व्हरवर क्लास बदलता येत नाही, पण सर्व्हर थांबवून बदलता येतो. स्लॅपकॅट या ओपनएलडॅपच्या आज्ञेने एलडीआयएफ (सर्व नोंदींची मजकूर फाइल) काढा. त्यात सर्व्हरने स्वतः ठेवलेली ऑपरेशनल ॲट्रिब्यूटही येतात, त्यामुळे एन्ट्रीयूयूआयडी टिकते. प्रत्येक नोंदीत ऑब्जेक्टक्लासच्या ओळी दुरुस्त करा आणि त्याबरोबर स्ट्रक्चरलऑब्जेक्टक्लास ही ओळही बदला. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नंतर नव्या स्कीमासह रिकाम्या डेटाबेसमध्ये स्लॅपॲड या आज्ञेने भरा. मिडपॉइंटमधील जुन्या शॅडो नोंदींवर (डिरेक्टरीतील खात्यांबद्दल मिडपॉइंटने ठेवलेल्या नोंदींवर) अजून जुना क्लास लिहिलेला असेल. त्या काढून रिकन्सिलिएशन (दोन्हींकडील माहिती पुन्हा जुळवणे) चालवा, परंतु काढताना रॉ पर्याय (फक्त मिडपॉइंटमधली नोंद काढणारा) वापरा, नाहीतर शॅडोबरोबर डिरेक्टरीतील खरे खातेही पुसले जाईल.

देवनागरीचा प्रश्न डिरेक्टरीचा नाही. मिडपॉइंट नावासारखी मूल्ये पॉलीस्ट्रिंग म्हणून दोन रूपांत ठेवतो, एक मूळ आणि एक शोधासाठी सुलभ केलेले. सुलभ करणारा मूळचा नॉर्मलायझर लॅटिन अक्षरे व अंक सोडून बाकीचे गाळतो, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’चे दुसरे रूप रिकामेच उरते. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये पास-थ्रू (मूल्य जसेच्या तसे ठेवणारा) नॉर्मलायझर निवडा. हे आत्ताच, खरी माहिती भरण्यापूर्वी करा, कारण नंतर बदलल्यास आधीच्या सर्व नोंदींची दुसरी रूपे नव्याने तयार करून घ्यावी लागतात.

आता ओळख पटवण्याबद्दल. नाव आणि जन्मतारीख जुळली की व्यक्ती एकच, असा नियम आपल्याकडे लावू नका. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लिहिलेले इतके लोक आहेत की एकाच आडनावाच्या गावात हा नियम दोघांचे खाते एक करून टाकेल. मोबाइल क्रमांक घरात एकच असू शकतो. आस्थापना विभागाच्या नमुन्यात ‘पूर्वीचा पीआरएन, असल्यास’ असा रकाना वाढवून घ्या आणि तो जुळला तरच खाती आपोआप जोडा. केवळ नाव व जन्मतारीख जुळल्यास मिडपॉइंटला स्वतः निर्णय घेऊ देऊ नका. कोरिलेशनचे (दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत का हे ठरवण्याचे) ते प्रकरण माणसाकडे निर्णयासाठी जाईल अशी व्यवस्था करा, आणि तो माणूस संगणक विभागातला नसून आस्थापना विभागातला असावा, कारण मूळ कागद त्यांच्याच कपाटात असतात.