मदत हवी आहे: स्की दाबामुळे घसरते की घर्षणाच्या उष्णतेमुळे? शाळेतील प्रयोग अडला आहे

नमस्कार. मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीला पुनर्हिमायन (दाबाने बर्फ वितळणे आणि दाब हटताच पुन्हा गोठणे) शिकवताना, दोन्ही टोकांना वजने बांधलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते आणि लादी अखंड राहते, हे दाखवले की कोणीतरी हमखास विचारते, ‘सर, स्कीसुद्धा (हिमावरून घसरायला पायांना बांधायची लांब पट्टी) अशीच दाबाने बर्फ वितळवून घसरते का?’ जुन्या पुस्तकांत याचे उत्तर ‘होय’ असे सापडते. आकडेमोड मात्र त्याला दुजोरा देत नाही.

७० किलो वजनाचा माणूस आणि प्रत्येकी सुमारे १.७ मीटर लांब व ७ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की धरल्या, तर दाब वातावरणीय दाबाच्या जेमतेम ३ टक्के भरतो. एक वातावरण दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक सुमारे ०.००७४ अंश सेल्सिअसने उतरतो. स्कीचा तळ हिमकणांच्या केवळ टोकांवर टेकतो आणि खरा स्पर्श एक टक्काच होतो असे मानले, तरी द्रवणांक ०.०२ अंशाच्या आसपासच खाली येईल. उणे १० अंशांच्या हिमावर त्याचा काय उपयोग?

बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे केलेल्या आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून घर्षणाच्या उष्णतेकडे बोट दाखवले. घर्षणांक ०.०५ आणि वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर वरील माणसाच्या स्कीखाली सुमारे ३५० वॅट उष्णता निर्माण होते. पाण्याचा अतिशय पातळ थर तयार व्हायला ती पुरेशी वाटते. हे खरे असेल, तर उष्णता वाहून नेणारा धातू अधिक अडखळला पाहिजे आणि पॉलिथिलीन (स्कीचा तळही त्याचाच असतो) सहज घसरले पाहिजे. दाबच कारण असेल, तर दोघांत फरक पडू नये. हाच फरक मला विद्यार्थ्यांना दाखवायचा आहे.

अडचण इथल्या हवेची आहे. बर्फ कारखान्यातून आणलेली लादी वर्गात पोहोचेपर्यंत पाझरू लागते, आणि ओल्या बर्फावर ॲल्युमिनियमची व पॉलिथिलीनची पट्टी सारखीच घसरते. लादीखाली बर्फ-मिठाचे मिश्रण ठेवले की पृष्ठभाग कोरडा राहतो खरा, पण हवेतील बाष्प त्यावर गोठते आणि बोटाने खरवडता येईल असा पांढरा, खरखरीत थर धरतो. मग पट्टी बर्फावरून चालते आहे की त्या थरावरून, हेच कळत नाही. वर प्लॅस्टिकचा कागद ताणून पाहिला. पण मोजमाप घ्यायला तो उचलावा लागतोच.

हे बाष्प रोखण्याचा शाळेला परवडेल असा उपाय कोणी सुचवेल का? दुसरे असे, की उतरत्या लादीवर पट्टीला फारसा वेग येत नाही. त्यामुळे रेकॉर्ड प्लेअरच्या तबकडीवर बर्फाची चकती बसवून, मिनिटाला ३३ फेऱ्या ठेवून, पट्टीवरील ओढ ताणकाट्याने मोजावी असा विचार आहे. केंद्रापासून १२ सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे ०.४ मीटर वेग मिळतो. एवढ्यात फरक दिसेल का, की मोटर लावून वेग वाढवावा?

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील अनेक माजी सैनिकांनी काश्मीरमध्ये सेवा केली आहे. त्यांच्यापैकी कोणी गुलमर्गला स्कीइंग केले असल्यास, कडाक्याच्या थंडीत आणि दुपारच्या ओलसर हिमावर स्की ओढण्यात काय फरक जाणवतो आणि त्यानुसार स्कीच्या तळाला लावायचे मेण बदलावे लागते का, हे कृपया सविस्तर लिहावे.