चाकं आणि चेन आधी बघा
प्रवासाला चाकांची बॅग कोणती घ्यावी, या प्रश्नावर वर बहुतेकांनी चार चाकांची, कडक कवचाची बॅग सुचवली आहे. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर ती उत्तमच. पण दादर-कुर्ल्याचे जिने चढून पेव्हर ब्लॉकवरून ओढायची असेल, तर दोन चाकांचीच घ्या. ती चाकं अर्धी बॅगेच्या आत असल्याने सहसा तुटत नाहीत, आणि लोकलने ब्रेक मारला तरी बॅग दाराकडे धावत नाही.

कडकच हवी असेल तर लेबलवर पॉलीकार्बोनेट किंवा पॉलीप्रॉपिलीन हे प्लास्टिकचे प्रकार शोधा. एबीएस हे प्लास्टिक स्वस्त, पण आपटल्यावर तडा जाण्याची भीती जास्त.

खरी परीक्षा चेनची. साध्या नायलॉन चेनमध्ये बॉलपेनचं टोक खुपसलं की ती उघडते, रनर फिरवला की पुन्हा मिटते. कुलूप जागच्या जागी! त्यामुळे दागिने आणि कागदपत्रं कृपया चेक-इनमध्ये देऊ नका. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची चालते.

क्रॉफर्ड मार्केटला घेणार असाल तर दुकानातच बॅगेत थोडं वजन भरून, हँडल पूर्ण ओढून चालवून बघा. हँडल डगमगलं तर दुसरी मागा.