काउन्सिल म्हणते पैसे नाहीत, सरकार म्हणतं कर कमी केले. दोन्ही खरं कसं?

शब्दपंगत | 10 मार्च 2024

नमस्कार मंडळी,

ब्रिटनमध्ये राहणारे इथे बरेच जण आहात म्हणून विचारते. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

मी ईस्ट मिडलंड्समधल्या एका छोट्या गावी काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, लायब्ररीत काम करते. 2009 साली लागले तेव्हा लायब्ररी आठवड्याचे सहा दिवस उघडी असायची आणि आम्ही सात जण होतो. आता तीन दिवस उघडते आणि आम्ही दोघीच उरलो आहोत. गेल्या सोमवारी वरून साहेब आले, आम्हाला बसवून सांगितलं की पुढच्या वर्षी पैसे नाहीत. गावातल्या लोकांनी बिनपगारी स्वयंसेवक उभे करून चालवावी, नाहीतर कुलूप. लोकांची मतं मागवली आहेत, 28 तारखेपर्यंत फॉर्म भरायचा.

आणि त्याच आठवड्यात, बुधवारी 6 तारखेला, अर्थमंत्री जेरेमी हंट बजेट मांडायला उभे राहिले आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून सक्तीने कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी, आणखी दोन टक्क्यांनी कमी केला. जानेवारीत 12 चे 10 केले होते, आता एप्रिलपासून 8. मी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर पे-स्लिप घेऊन बसले. माझा पगार वर्षाला 24,000 पौंड. म्हणजे या दोन्ही कपाती मिळून मला महिन्याला साधारण 38 पौंड जास्त मिळतील. नाही म्हणत नाही, 38 पौंड म्हणजे 38 पौंड.

पण बाकीचा हिशेबही मांडते. कर लागायची मर्यादा 12,570 वर 2021 पासून गोठवलेली आहे आणि 2028 पर्यंत तशीच ठेवायचं ठरलंय. गेल्या वर्षी आम्हा काउन्सिलवाल्यांना 1,925 पौंडांची वाढ मिळाली, त्यातले 385 नुसत्या आयकरात गेले. काउन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टीच म्हणा, यंदा पुन्हा 5 टक्क्यांनी वाढलाय. आणि घराचा हप्ता. आमचा दोन वर्षांचा ठरलेला दर डिसेंबर 2022 मध्ये संपायचा होता. सप्टेंबरात ब्रोकरने एक बरा दर शोधून ठेवला होता, आम्ही म्हटलं सोमवारी सह्या करू. मध्ये शुक्रवार आला, 23 सप्टेंबर. तेव्हाचे अर्थमंत्री क्वार्टेंग यांचं ते मिनी बजेट. सोमवारी ब्रोकरचा फोन आला, "ती ऑफर गेली." पुढच्या दोन आठवड्यांत त्याने तीन वेळा नवा दर सांगितला आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. शेवटी 5.8 वर सही केली. हप्ता 682 होता, 987 झाला. महिना 305 पौंड जास्त, अजूनही तोच चालू आहे.

त्या बजेटात 4,500 कोटी पौंडांच्या करसवलती होत्या, त्याही उसन्या पैशावर, आणि सर्वांत वरच्या लोकांचा 45 टक्क्यांचा दर पूर्ण काढून टाकायचा होता. तो निर्णय दहा दिवसांत मागे घेतला, अर्थमंत्री गेले, 49 दिवसांत पंतप्रधान लिझ ट्रसही गेल्या. आमचा हप्ता मात्र कोणी मागे घेतला नाही.

आता माझा खरा प्रश्न. आमच्याकडे मंगळवारी एक गृहस्थ येतात, साठीच्या आसपासचे. गोदामात काम करायचे, पाठीने दगा दिला. त्यांचं सगळं युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे सरकारी भत्त्यावर, आहे आणि ते सगळं ऑनलाइन. घरी इंटरनेट नाही. माउस धरताना त्यांचा हात थरथरतो, पासवर्ड चुकतो, तीनदा चुकला की खातं अडकतं. मी शेजारी उभी राहते, ते एकेक अक्षर मोठ्याने म्हणतात आणि मी मान हलवते. काम झालं की पासवर्ड लिहिलेला कागद घडी घालून जपून पाकिटात ठेवतात. लायब्ररी मंगळवारची बंद झाली तर हे कुठे जाणार?

सरकार म्हणतं आम्ही लोकांवरचा बोजा हलका केला. काउन्सिल म्हणते तिजोरी रिकामी आहे. दोघं खरं बोलतायत का? आणि त्या फॉर्ममध्ये मी काय लिहू, की ज्याचा काही उपयोग होईल?

हिशेबनीस | 10 मार्च 2024

ताई, मी दुसऱ्या एका काउन्सिलच्या अर्थ विभागात आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

तुमची काउन्सिल खोटं बोलत नसावी. 2010 साली हुजूर पक्षाचं आघाडी सरकार आलं, जॉर्ज ऑस्बर्न अर्थमंत्री झाले, तेव्हापासून केंद्राकडून काउन्सिलना येणारा निधी कापायला सुरुवात झाली. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने 2018 साली आकडा दिला होता: 2010-11 ते 2017-18 या काळात, महागाई धरून, हा निधी 49.1 टक्क्यांनी घटला. निम्मा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बरं, घरपट्टी हवी तेवढी वाढवताही येत नाही. मोठ्या काउन्सिलना 5 टक्क्यांच्या वर जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं किंवा सरकारची खास परवानगी लागते. आणि जे काही येतं त्यातला सर्वांत मोठा घास म्हाताऱ्या माणसांची देखभाल आणि अडचणीतली मुलं यांच्याकडे जातो. ते कायद्याने करावंच लागतं आणि ते करायलाच हवं. मग कात्री कुठे चालते? लायब्ररी, तरुणांची केंद्रं, बस, रस्त्यावरचे खड्डे. आमच्या बैठकीत फेब्रुवारीत जो तक्ता पुढे येतो त्यात "कमी करता येण्यासारखे" अशा नावाचा रकाना असतो. चौदा वर्षं तोच रकाना कापतोय, आता त्यात काही उरलेलंच नाही.

नॉर्थॅम्प्टनशायरची काउन्सिल 2018 साली आर्थिकदृष्ट्या कोलमडली, मग क्रॉयडन, स्लाव, थरॉक, वोकिंग, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम. प्रत्येकीची आपापली चूक होतीच. वोकिंगने बांधकामांत कर्जं करून ठेवली, बर्मिंगहॅमला समान वेतनाचे दावे आणि फसलेली संगणक यंत्रणा भोवली. पण पूर्वी अशी चूक झाली तर पोटात घालायला शिल्लक असायची. आता बर्मिंगहॅमकरांची घरपट्टी यंदा जवळपास 10 टक्क्यांनी वाढतेय आणि पुढच्या वर्षी तेवढीच वाढवायचा बेत आहे. केंद्राने वरून कमी केलेला कर खालून असा परत येतो.

उत्तरेकडचा | 11 मार्च 2024

ताई, तुमच्या लायब्ररीचं वाईट वाटलं. तरी दुसरी बाजूही मांडतो, रागावू नका. मी लीड्सला छोटा धंदा करतो आणि 2010, 2015 दोन्ही वेळा हुजूर पक्षालाच मत दिलं.

2009-10 ची तूट देशाच्या उत्पन्नाच्या 10 टक्के होती. बँका वाचवून झाल्या होत्या, तिजोरीत खडखडाट. मजूर पक्षाचे अर्थमंत्री अलिस्टर डार्लिंग हेसुद्धा तेव्हा मोठ्या कपातीच सांगत होते. कोणीही आलं असतं तरी अंथरूण पाहून पाय पसरावेच लागले असते. आणि करमुक्त मर्यादा 2010 साली 6,475 होती ती 12,570 पर्यंत याच पक्षाने नेली. माझ्याकडे कामाला असलेल्या पोरांना त्याचा फायदा झाला, मी स्वतः त्यांच्या पे-स्लिपा काढतो.

हप्त्याबद्दलही एक. व्याजदर जगभर चढत होते. मिनी बजेटच्या आदल्या दिवशीच बँक ऑफ इंग्लंडने दर 2.25 वर नेला होता आणि पुढे ऑगस्ट 2023 मध्ये तो 5.25 झाला. ट्रस आल्या नसत्या तरी तुमचा हप्ता वाढलाच असता. त्या आठवड्याचा घाव वेगळा होता हे मान्य. बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडून सरकारी रोखे विकत घ्यावे लागले, पेन्शन फंड बुडायची वेळ आली होती. ते बजेट म्हणजे बेजबाबदारपणा होता, आणि तेव्हापासून माझंही मन या पक्षावरून उडालंय. यंदा मत कोणाला द्यायचं हे मलाच कळत नाहीये.

शब्दपंगत | 11 मार्च 2024

दादा, रागावण्यासारखं काहीच नाही, उलट तुम्ही नीट लिहिलंत. हप्त्याचं तुमचं बरोबर आहे. सगळे 305 ट्रसबाईंच्या नावावर टाकणं योग्य नाही. पण त्या दोन आठवड्यांत आम्ही नवरा-बायको रात्री झोपलो नाही, ते मी विसरू शकत नाही.

अंथरुणाचं मात्र पटत नाही. पाय सगळ्यांनी आवरले असते तर मी एक शब्द बोलले नसते. जानेवारी 2011 मध्ये व्हॅट साडेसतराचा वीस टक्के केला, तो मुलांच्या बुटांवर नसला तरी माझ्या बुटांवर, वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीवर, सगळ्यांवर सारखाच लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी सर्वांत श्रीमंतांचा कर 50 चा 45 केला. कंपन्यांचा कर 28 होता, 2017 पर्यंत 19 वर आणला. आणि त्याच काळात एप्रिल 2013 पासून सरकारी घरात एक खोली जास्त असेल तर घरभाड्याच्या मदतीतून 14 टक्के कापायला लागले. 2016 पासून बहुतेक भत्ते चार वर्षं गोठवले. 2017 पासून तिसऱ्या मुलाची मदत बंद. माझ्या काउंटरवर या एकेका निर्णयाचा कागद घेऊन माणसं आली आहेत. "यात काय लिहिलंय ते वाचून सांगशील का?" असं विचारत. मी वाचून सांगितलंय. खोली जास्त आहे म्हणून पैसे कापले गेले त्या बाई त्या खोलीत नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन ठेवत होत्या.

एवढं सगळं करूनही, याच बजेटबरोबर आलेल्या सरकारी अंदाजात म्हटलंय की करांचा एकूण वाटा पुढच्या चार-पाच वर्षांत 1948 नंतर सर्वांत जास्त होणार आहे. कर जास्त, सेवा कमी. हे तोंड दाबून बुक्क्यांचा मार नाही तर काय?

रानवारा | 12 मार्च 2024

मी दर शनिवारी एका फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रात, पिशव्या भरते, सहा वर्षं झाली. ट्रसेल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेच्या अशा केंद्रांतून 2010-11 साली देशभरात 61 हजारांच्या आसपास पिशव्या गेल्या होत्या. 2022-23 साली जवळपास 30 लाख.

आकडा बाजूला ठेवा, यादी सांगते. पूर्वी आम्ही विचारायचो, शाकाहारी का, डायपर हवेत का. आता फॉर्मवर आणखी एक प्रश्न असतो: घरी शिजवता येतं का? मीटरमध्ये पैसे भरल्याशिवाय गॅस-वीज मिळत नाही अशी घरं आहेत. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी, नुसतं गरम पाणी ओतून होणारं सूप, नूडल्स, आणि ज्यांना पाणी गरम करणंही जमत नाही त्यांच्यासाठी आणखी वेगळी, थंड खाता येईल अशी. मागच्या महिन्यात एका मुलीने डाळीचे डबे परत दिले. शाळेत मदतनीस आहे, नोकरी आहे, पगार आहे. म्हणाली, "हे शिजायला वेळ लागतो, तेवढी वीज परवडत नाही." मी घरी येऊन वरणाचा कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत नुसती उभी राहिले.

ताई, तुमच्या फॉर्ममध्ये 2022 च्या थंडीबद्दल लिहा. तेव्हा लायब्रऱ्यांनी लोकांना ऊब मिळावी म्हणून दारं उघडी ठेवली होती. ते लोक कोण होते, किती होते, तुम्ही मोजले असतील तर द्या.

हिशेबनीस | 12 मार्च 2024

हो, फॉर्मबद्दल सांगायचं राहिलंच. "लायब्ररी म्हणजे गावाचा आत्मा" असं लिहू नका, तसली वाक्यं एका ओळीत गुंडाळली जातात. 1964 च्या कायद्याच्या सातव्या कलमानुसार काउन्सिलने "सर्वसमावेशक आणि कार्यक्षम" लायब्ररी सेवा द्यायलाच हवी. पैसा नसला तरी ते बंधन संपत नाही. शिवाय निर्णयाचा परिणाम वृद्ध, अपंग, लहान मुलं यांच्यावर काय होईल हे आधी तपासावं लागतं. ते नीट केलं नाही म्हणून 2011 साली हायकोर्टाने ग्लॉस्टरशायर आणि सॉमरसेटचे निर्णय बेकायदा ठरवले. नॉर्थॅम्प्टनशायरचाही लायब्रऱ्या बंद करायचा निर्णय 2018 साली कोर्टात रद्द झाला.

म्हणून नेमकं लिहा. कोण येतं, कशासाठी, पुढची जवळची लायब्ररी किती लांब, तिथे जाणारी बस दिवसातून किती वेळा. आणि तुम्ही तिथल्या कर्मचारी आहात, त्यामुळे युनियनला विचारून मगच स्वतःच्या नावाने लिहा. लायब्ररीच्या सभासदांनी लिहिलं तर जास्त बरं.

शब्दपंगत | 15 मार्च 2024

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

युनियनच्या बाईंशी बोलले. त्याही हिशेबनीस म्हणतात तेच म्हणाल्या. मग मंगळवारी आमच्या त्या गृहस्थांना विचारलं, तुम्ही मत द्याल का? म्हणाले, "देतो की, कुठे?" फॉर्म ऑनलाइन आहे. तो भरायला त्यांना आमच्याच संगणकावर बसावं लागलं, चाळीस मिनिटं लागली, मध्येच वेळ संपली म्हणून पान गेलं आणि पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हा साहेबांना मेल लिहिली की ज्यांच्याकडे इंटरनेट नाही अशांचंच मत यात येणार नाही, छापील फॉर्म द्या. काल साठ प्रती आल्या.

रानवाराताई, मोजले होते. आमच्या पाठीमागच्या खोलीत रेडिएटरजवळ सहा खुर्च्या होत्या. त्या थंडीत सकाळी दहा वाजता रोज एक पान उघडून आम्ही रेघा मारायचो. ती वही मला सापडली. 2 डिसेंबर ते 31 मार्च, लायब्ररी उघडी असलेल्या 47 दिवसांत 1,114 रेघा. त्याची प्रत फॉर्मला जोडायला आमच्या वाचक गटाच्या अध्यक्षांकडे दिली आहे.

पुढची लायब्ररी सव्वासहा मैलांवर. बस दिवसाला चार, शेवटची परतीची दुपारी 3:10 ला. शाळा सुटते सव्वातीनला.

उत्तरेकडचे दादा, तुमच्या खासदारांना लिहिणार असाल तर ही बसची वेळ खुशाल वापरा. आमच्या खासदारांना मी काल लिहिलंय.