बंपरच्या ब्रॅकेटला हूक वेल्ड करून टोचन लावणाऱ्यांसाठी

रेगूर_रान (परभणी)
कालपासून एक रील सगळ्या ग्रुपांत फिरायलीय. 16 मिमीची सळई वाकवून यू केला, बंपरच्या ब्रॅकेटला वेल्ड मारला, वर लाल रंग दिला आणि खाली लिहिलं, “आठशे रुपयांत रिकव्हरी पॉइंट, महागड्या सामानाची गरज नाही.” लोक कमेंटमध्ये दुकानाचा पत्ता विचारायलेत. ते बघून राहवलं नाही.

ब्रॅकेटचं काम बंपर पेलायचं. दोन-तीन मिलिमीटरचा पत्रा असतो तो. काळ्या रानात गाडी अ‍ॅक्सलपर्यंत बसली की नुसतं वजन ओढायचं नसतं, खालचा गाळ गाडी धरून ठेवतो. वरून ओढणारा झटका देतो. हिशेब मांडा. ओढणारी गाडी दोन टनांची आणि वेग ताशी 15 किमी असेल तर तिच्यात साधारण 17 किलोजूल ऊर्जा असते. कायनेटिक दोर, म्हणजे रबरासारखा ताणणारा दोर, पावणेदोन मीटर ताणला तर ती हळूहळू उतरते आणि जास्तीत जास्त ताण दोन टनांच्या आसपास राहतो. साखळी ताणत नाही. साखळी, हूक, चासी सगळं मिळून दहा सेंटिमीटर सरकलं असं धरलं तरी सरासरी ताणच 17 टनांच्या वर जातो. तुटलेला हूक साखळीसकट समोरच्या काचेवर येतो. ऑस्ट्रेलियात टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, पट्टा अडकवून ओढताना बॉल तुटून माणसं गेलीत. ट्रेलरवर गाडी बांधायला कंपनी जी कडी देते तिलाही टोचन लावू नका.

पॉइंट, म्हणजे टोचन अडकवायची जागा, चासीलाच पाहिजे. 12 मिमीची प्लेट, चासीच्या उभ्या बाजूला आरपार बोल्ट, पलीकडून दुसरी पट्टी. वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, चासीची ताकद तिथंच असते. कंपनीची आट्यांची भोकं असतील तर आधी तीच वापरा. बोल्ट 8.8 किंवा 10.9 ताकदीच्या ग्रेडचेच, डोक्यावर आकडा वाचून घ्या. आणि पॉइंट दोन करा, डावा-उजवा.

होल्डर_हातात (जालना)
रील माझी नाही, पण रोख आमच्या धंद्यावर हाय म्हणून बोलतो. 16 चा 500 ग्रेडचा बार सरळ ओढला तर दहा टनाला वाकत नाही. जालन्यात सळईच्या मिली हायत, आम्हाला लोखंड शिकवू नका. बापापासून वेल्डिंग करायलोत. नीट मारलेला वेल्ड सुटत नसतो. तुमच्या 12 मिमीच्या प्लेटा, गॅसकट, ड्रिल, 10.9 चे बोल्ट, याला पैसे कोण देणार? माझ्याकडं येणारा शेतकरी आठशेला घासाघीस करतो.

रेगूर_रान (परभणी)
दादा, वेल्ड सुटतो असं मी कुठं म्हणलं? वेल्ड धरून राहतो आणि त्याच्या कडेनं पत्रा फाटून येतो, हेच तर सांगायलो. दहा टन सरळ ओढीचे, मान्य. पण रुतलेली गाडी सरळ रेषेत कधी ओढली जाते? बांधावरून तिरकी ओढली की यू एका पायावर पिळतो. शिवाय टीएमटी बारची ताकद वरच्या कडक थरात असते, तो पाण्यानं झटकन थंड करून तयार केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं नेमका तिथंच तो नरम पडतो.

गोदाकाठ (पाथरी)
हे सगळं थारवाल्यांचं दुखणं हाय. आमच्याकडं ट्रॅक्टर येतो, लो फर्स्टला टाकतो, साखळी आधी ताणून घेतो आणि गाडी निघते. झटका नाही, काही नाही.
आणि मुळात तुम्ही पावसात आमच्या पांदणीत येताच कशाला? धरणाच्या बॅकवॉटरला फोटो काढायला दहा-दहा गाड्या येतात, गुडघाभर चाकोऱ्या पाडून जातात. नंतर त्यात पाणी साचतं आणि दूधवाल्याची मोटरसायकल आडवी होते. पांदण आम्ही वर्गणी काढून मुरूम टाकून केलेली असते. तुमच्या हुकाची चर्चा कसली करता, आधी पांदण सोडा.

घाट_आणि_गियर (छत्रपती संभाजीनगर)
पांदणीची वाट आम्ही लावली म्हणता? उसाच्या डबल ट्रॉल्या कारखान्याला कुठून जातात? एका फेरीत जेवढा रस्ता खचतो तेवढा आमच्या सगळ्या गाड्या मिळून खचवत नाहीत. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नसतो, रात्री लोक मरतात, त्यावर कुणी बोलत नाही. आम्ही पेट्रोल भरतो, गावात जेवतो, गाडी काढायला ट्रॅक्टरवाला हजार-दोन हजार मागतो ते गुपचूप देतो.

गोदाकाठ (पाथरी)
ऊस आमचं पोट हाय, तुमची थार तुमची हौस. दोन्ही एका तागडीत घालू नका. आणि हजार मागतो म्हणता, मग पेरणी सोडून फुकट यायचं का? त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

घाट_आणि_गियर (छत्रपती संभाजीनगर)
फुकट कुणी मागितलं? पण हौस म्हणून हिणवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मीही शेतकऱ्याचाच पोरगा आहे, वैजापूरला आमची कोरडवाहू आहे.

बालाघाट_वस्ती (पाटोदा)
थांबा दोघंही. आमच्या वस्तीवर पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स येत नाही, डांबरी सोडून खाली उतरायला ड्रायव्हर तयार होत नाही. भावजयीला कळा सुरू झाल्या तेव्हा शेजाऱ्याची बोलेरो काढली. ओढ्याच्या अलीकडं मागची दोन्ही चाकं गेली. ट्रॅक्टर आला, पुढच्या हुकाला साखळी लावली. हूक असाच, बाजारातून वेल्ड मारून आणलेला. पहिल्याच ओढीत ब्रॅकेटसकट निघाला आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळला. पत्र्याला खोक पडली. चालवणारा पोरगा वीतभर अंतरानं वाचला. मग साखळी पुढच्या अ‍ॅक्सलला गुंडाळली, त्यात ब्रेकचा पाइप गेला. भावजयीला बाजेवर घालून डांबरीपर्यंत नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप हायत. ट्रॅक्टर लो फर्स्टलाच होता हे गोदाकाठवाल्यांनी ध्यानात घ्यावं. याला कुणी हौस म्हणू नये.

गोदाकाठ (पाथरी)
वस्तीवरच्या गाडीला मी हौस म्हणलेलं नाही. ट्रॅक्टरनंही हूक तुटतो, ठीक, ऐकलं. पांदणीचं माझं म्हणणं जसंच्या तसं हाय.

रेगूर_रान (परभणी)
गोदाकाठ, हळू ओढ झटक्यापेक्षा कितीतरी बरी हे मीही मानतो. साखळी असेल तर तोच एक मार्ग. पण ओढायच्या आधी खोरं घ्या. चाकापुढचा गाळ काढा, अ‍ॅक्सलखाली अडकलेलं ढेकूळ मोकळं करा, निम्मा ताण तिथंच उतरतो. साखळीवर ओलं पोतं किंवा जाड सतरंजी टाका आणि बघ्यांना लांब उभं करा. आपल्याकडं सगळं गाव साखळीच्या दोन्ही बाजूंनी उभं असतं, पोरं तर साखळी ओलांडून पळतात. मला जास्त भीती त्याचीच वाटते.

दोन पॉइंटांना मिळून एक पट्टा लावला तर पट्टा लांब घ्या. दोन फाट्यांमधला कोन 60 अंशांच्या आत ठेवा. 120 झाला की प्रत्येक पॉइंटवर सगळाच्या सगळा ताण येतो आणि दोन केल्याचा फायदा संपतो.

होल्डर_हातात (जालना)
बोलेरोचं वाचलं. तसला हूक मी मारत नाही, पण आमच्याच गल्लीत मारतात, हे नाकारत नाही. मारायचा बंद केला तर गिऱ्हाईक शेजारी जाईल हे मात्र लिहून घ्या. आता प्लेटचं नीट सांगा. बोलेरोची चासी आतून पोकळ. आरपार बोल्ट आवळला की दोन्ही बाजू आत दबणार. मग?

रेगूर_रान (परभणी)
म्हणून आत पाइपचा तुकडा घालायचा, बोल्ट त्याच्यातून जातो. लांबी चासीच्या आतल्या मापाइतकी, लेथवर दोन्ही तोंडं काटकोनात करून. जाड भिंतीचा सीमलेस पाइप घ्या, फर्निचरचा नको. एम12 चा, म्हणजे 12 मिमी जाडीचा, 8.8 बोल्ट कातरायला साधारण चार टन लागतात, म्हणून एका बाजूला चार तरी हवेत. साखळी प्लेटीला जोडायचं शॅकल, म्हणजे पिनीची यू कडी, 4.75 टनी घेतलं तर पिन 22 मिमीची येते. तिच्यासाठी प्लेटीत भोक 24 चं पाडा, कडेपर्यंत निदान तेवढंच लोखंड राहू द्या आणि धार घासून गोल करा.

होल्डर_हातात (जालना)
चारही भोकं आधी प्लेटीत पाडतो आणि प्लेट टेकवून चासीवर खूण करतो. सामान आणि मजुरी धरून आठशेत बसत नाही. साडेतीन हजार सांगणार, दोन्ही बाजूंचे. बालाघाटवाले, ती बोलेरो आणायला सांगा, मजुरीचं बघू.