पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं : तुमचे अनुभव लिहा

खारूताई
हा धागा काढायचं कधीपासून डोक्यात होतं. पॅकबंद खाण्यातले प्रिझर्व्हेटिव्ह, रंग, फ्लेवर यांच्याबद्दल फॉरवर्ड इतके येतात की उघडून बघायचाही कंटाळा येतो, अर्ध्यांच्या मते सगळंच विष आणि उरलेल्यांच्या मते "आम्ही खातोच की, काय झालं आम्हाला". मला यातलं काही नकोय. तुम्हाला किंवा घरच्या कुणाला काय त्रास झाला, तो नेमका कशाने हे कसं लक्षात आलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहा. त्रास झालाच नसेल तर तेही लिहा.

माझ्यापासून सुरू करते. मला दमा आहे, बऱ्यापैकी आटोक्यात. पण प्रवासात सुके जर्दाळू खाल्ले की थोड्या वेळात छाती आवळल्यासारखी व्हायची, पंप काढावा लागायचा. मला वाटायचं एसीमुळे होतंय. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला तर जर्दाळूचा रंग कोणता! म्हटलं छान केशरी, चकचकीत. म्हणाले पुढच्या वेळी पाकीट घेऊन या. घटकांच्या यादीत सगळ्यात शेवटी 'प्रिझर्व्हेटिव्ह २२०', म्हणजे सल्फर डायऑक्साइड (खाण्यात घालायच्या अशा प्रत्येक पदार्थाला ठरावीक नंबर असतो, पाकिटावर बऱ्याचदा तोच छापतात). २२० ते २२८ सगळी सल्फाइटची भावंडं, सुकवलेली फळं काळी पडू नयेत म्हणून वापरतात, वाइनमध्ये असतात, काही बाटलीबंद लिंबूरसातही. बहुतेकांना काही होत नाही, दमेकऱ्यांपैकी काहींना होतं, त्यात माझा नंबर लागला. सल्फाइट न लावलेले जर्दाळू तपकिरी, सुरकुतलेले, दिसायला अगदीच बिचारे असतात पण चवीला मला तरी जास्त आवडतात, आणि पंप पर्समध्येच राहतो.

तिरकस
माझा उलटा अनुभव. इन्स्टंट नूडल्स खाल्ले की डोकं दुखतं म्हणून मी एमएसजीला, म्हणजे चव वाढवणाऱ्या मोनोसोडियम ग्लुटामेटला (६२१), सगळीकडे शिव्या घालत फिरायचो. बायको वैतागली. तिने घरी दोनदा सूप केलं, एकात एमएसजी घातलं, एकात नाही, कधी कुठलं ते सांगितलं नाही. दोन्ही वेळा डोकं ठणठणीत. मग न्यूरॉलॉजिस्टने डायरी लिहायला लावली तेव्हा कळलं की नूडल्स मी खायचो तेच मुळी जेवण हुकलेल्या दिवशी, दुपारी चारला, पाणीसुद्धा धड प्यायलेलं नसताना, आणि मायग्रेनवाल्याने उपाशी राहिलं की डोकं दुखणारच. ग्लुटामेट १९०८ मध्ये इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने समुद्री शेवाळातून वेगळं काढलं, पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये ते आपलं आपण असतंच, आणि ते दोन्ही मी रोज हाणतो. बदनामी सुरू झाली १९६८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रावरून. रिकाम्या पोटी भरपूर एमएसजी दिलं तर काहींना तात्पुरता त्रास होतो म्हणतात, पण काय दिलंय हे न सांगता केलेल्या चाचण्यांत तोही दर वेळी दिसलेला नाही. अर्थात एका घरातल्या दोन सूपांनी काही सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे, बायकोला नाही.

बोका
शुगरफ्री गोळ्या. ऑफिसात मीटिंग चालू असताना एकेक करत अख्खं पाकीट संपवलं आणि मग जी धावपळ झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. नंतर मागे वाचलं, सॉर्बिटॉल (४२०) आणि माल्टिटॉल (९६५), खाली बारीक अक्षरात 'जास्त खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात'. चक्क लिहिलेलं होतं!

मध्यरात्र
थोडं मोठं लिहिते, पण हे लोकांपर्यंत पोचायला हवं असं वाटतं.

बाबांना किडनीचा आजार आणि बीपी, त्यामुळे मीठ कमी. ते स्वतः शिस्तीचे, सोडियमचा आकडा बघूनच वस्तू घ्यायचे, त्यातून 'लो सोडियम' लिहिलेलं तयार सूप घरात आलं, मग तसलंच मीठ. आम्हाला सगळ्यांना बरंच वाटलं. नेहमीच्या रक्त तपासणीत पोटॅशियम ६ च्या वर आलं आणि लॅबमधूनच फोन आला, ताबडतोब हॉस्पिटलला जा. ईसीजी, सलाईन, रात्रभर मॉनिटर. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके चुकू शकतात हे त्या रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून आणा. त्यांनी टेबलावर एका रांगेत मांडली आणि पेन घेऊन एकेका शब्दाला गोल करत गेल्या. सुपावर आणि मिठावर 'पोटॅशियम क्लोराइड', कुठे नुसतं ५०८. सोडियम कमी करायला तेच घालतात, निरोगी माणसाला चालतं, उलट बीपीसाठी बरंच, पण किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नसेल तर तेच अंगावर येतं.

दुसरा गोल फॉस्फेटला, कारण त्यातलं फॉस्फरसही अधू किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही. ३३८ ते ३४१, ४५० ते ४५२, चीज स्प्रेडमध्ये, प्रक्रिया केलेल्या मांसात, काळ्या कोलात. धान्य-कडधान्यातलं फॉस्फरस निम्मं वगैरेच अंगात शोषलं जातं, हे वरून घातलेलं जवळपास सगळं. आणि किती घातलंय त्याचा आकडा पाकिटावर बहुतेक वेळा नसतोच, फक्त नाव. म्हणून बाईंचा नियम साधा, घटकांत 'फॉस' हे अक्षर दिसलं की पाकीट परत फडताळात. बाबा आता दुकानात भिंग घेऊन जातात. घरात किडनीचा पेशंट असेल तर 'लो सोडियम'वर विसंबू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

राघू
मी फूड टेक्नॉलॉजीवाला, कारखान्यात काम केलंय, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. नंबर दिसला की घाबरायचं हे काही खरं नाही. ३०० म्हणजे व्हिटॅमिन सी, १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड. रोज किती चालेल ही मर्यादा ठरवताना सहसा प्राण्यांवर ज्या मात्रेला काही अपाय दिसला नाही ती घेऊन तिला १०० ने भागतात. पण म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही, जुने निर्णय बदलतात. टायटॅनियम डायऑक्साइड, १७१, गोळ्या-च्युइंगम पांढरीशुभ्र दिसायला वापरायचे, युरोपने २०२२ मध्ये ते खाण्यातून बाद केलं, आणि लाल रंग १२७ ची परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतली.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एकेका नंबरामागे लागण्यात मोठी गोष्ट निसटते. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना महिनाभर ठेवून घेतलं, दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं, समोर वाढलेल्यात साखर-मीठ-फॅट-फायबर सारखंच, हवं तेवढं खा म्हणाले. प्रक्रिया केलेल्यावर लोकांनी रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळजवळ किलोभर वजन चढलं. आता यात दोष कुठल्या नंबराचा? ते मऊ असतं, भराभर गिळलं जातं, पोट भरल्याचं कळायच्या आत पाकीट संपतं. आम्ही ट्रायल घ्यायचो तेव्हा "अजून एक घ्यावंसं वाटतंय का" हा प्रश्न फॉर्मवर असायचा, यावरून काय ते समजा.

नवीकोरी आई
रंगांबद्दल विचारायचंच होतं. वाढदिवसांना रंगीत गोळ्या खाऊन मुलगा भिंतीवर चढायचा बाकी ठेवतो. बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या वाढदिवसाला रिकाम्या खोलीत साधं पाणी पाजून वीस मुलं सोडली तरी हेच होईल :D पण त्यांनीच २००७ च्या साउथहॅम्प्टनच्या अभ्यासाचंही सांगितलं, काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट (२११) एकत्र दिल्यावर मुलांचा चळवळेपणा थोडा वाढला, पण मुलामुलांत फरक खूप. त्यानंतर युरोपात १०२, ११० वगैरे सहा रंगांवर मुलांच्या लक्ष देण्यावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना २०१० पासून छापावी लागते. आम्ही हे रंग घरात आणणं बंद केलं. फरक पडला का, खरं सांगू, झोप वेळेवर व्हायला लागल्यावर जास्त पडला.

शून्यशेष
डायबिटीसवाल्यांनो, 'नो ॲडेड शुगर' बिस्किटांचं मागचं अंग बघा. माल्टोडेक्स्ट्रिन. स्टार्चपासून बनतं, साखरेच्या रकान्यात जवळपास दिसतच नाही, एकूण कार्बोहायड्रेटमध्ये गुपचूप बसतं, आणि रक्तात मात्र ग्लुकोजच्याच वेगाने चढतं. मी बोट टोचून बघितलं तेव्हा डोळे उघडले, तीनच बिस्किटं आणि आकडा २०० पार.

बोका
राघू, मग ९५१ चं, म्हणजे साखरेऐवजी घालतात त्या ॲस्पार्टेमचं काय? त्याने कॅन्सर होतो म्हणे.

राघू
जुलै २०२३ मध्ये कॅन्सरवाल्या संस्थेने, आयएआरसीने, त्याला '२बी' गटात टाकलं, म्हणजे कदाचित असू शकेल, पुरावा तोकडा. त्याच वेळी मात्रा बघणाऱ्या समितीने रोज किलो वजनामागे ४० मिग्रॅची जुनीच मर्यादा कायम ठेवली. एक गट फक्त "होऊ शकतं का" बघतो, दुसरा "किती खाल्लं तर". बातमी पहिल्याचीच झाली.

अळीमिळी
पण काही घरांत ९५१ हा चर्चेचा विषयच नसतो. भाच्याला पीकेयू (फेनिलकीटोन्युरिया) हा जन्मजात आजार आहे, जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेतात ना त्यात सापडलं. फेनिलॲलानीन हे प्रथिनांतलं अमिनो ॲसिड त्याच्या शरीरात मोडलं जात नाही, साठलं तर मेंदूवर जातं, आणि ॲस्पार्टेममध्ये तेच असतं. पाकिटावर 'फेनिलॲलानीन आहे' अशी एक ओळ असते, बाकीचे वाचतही नाहीत, माझी बहीण आधी तीच शोधते. खाण्याचं जमतं, अडतं औषधांपाशी. मुलांच्या गोड लागणाऱ्या विरघळणाऱ्या गोळ्या, काही सिरप, त्यांतही असतं. ताप आला की ती आधी केमिस्टकडून आतला कागद मागून घेते, काउंटरवरच उलगडून वाचते, मागची रांग कितीही कुरकुरली तरी, आणि मगच पैसे देते.