शिजिंगमधलं एक अक्षर: ‘वेई’ वाचायचं की ‘मन’?

जुनी चिनी येणारं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे.

अक्षर 22 रेघांचं आहे. माथ्यावर टिंब आणि आडवी रेघ, तळाशी ‘च्ये’ हे साधं अक्षर, मधे नुसती दाटी. कोशात उच्चार दोन: तिसऱ्या सुरातला ‘वेई’ आणि दुसऱ्या सुरातला ‘मन’.

‘वेई’ कळतो. शिजिंग या प्राचीन चिनी काव्यसंग्रहात झोऊ घराण्याच्या राजा वनच्या स्तुतीत तो जोडीने येतो, ‘वेई-वेई’, म्हणजे न थकता झटणारा. शिजिंगवरची जुनी माओ टीकाही हाच अर्थ देते.

अडलंय ते ‘फू यी’ या कवितेत. पितरांच्या जागी बसवलेल्या माणसाला मेजवानी चाललेली असते आणि दर कडव्यात रानबदकं नि कुरव पक्षी पाण्याच्या वेगळ्या ठिकाणी दिसतात: जिंग नदी, वाळू, बेट, संगम आणि शेवटी हे अक्षर. इथे झटण्याचा काही संबंध नाही. टीकाकार जंग श्वान (127–200) सांगतो की याचा अर्थ ‘मन’, म्हणजे दार. डोंगरांमधून नदी वाट काढते ती खिंड. पुढच्या ओळींचे शेवट श्युन, शिन, फन असे आहेत, म्हणजे यमकही ‘मन’च मागतं.

मला हवंय ते हे: हे दोन निराळे शब्द एका अक्षरात येऊन बसलेत, की मूळ उच्चार एकच होता? कविता मोठ्याने वाचून दाखवायची आहे, त्यामुळे नीट समजून घ्यायचंय.

प्रतिसाद

‘फू यी’त बेलाशक ‘मन’ वाचा, यमकाचा पुरावा भक्कम आहे.

आता मूळ. आजचा ‘वेई’ पूर्वी ‘म’ने सुरू व्हायचा. कँटनीजमध्ये तो अजून ‘मेई’ आहे. म्हणजे दोन्ही उच्चारांचं तोंड एकच, फरक फक्त शेवटाचा. भाषाशास्त्रज्ञ बॅक्स्टर आणि सागार यांनी जुन्या उच्चारांच्या 2014 च्या पुनर्रचनेत जुन्या चिनीत शब्दान्ती ‘र’ धरलाय. त्याचा बहुतेक ठिकाणी ‘न’ झाला, काही बोलींत ‘य’. ही जोडी त्यात चपखल बसते असं मला वाटतं. पण त्यावरून अर्थही एकाच मुळातले असं म्हणू नका. झटणं आणि खिंड यांना जोडणारा दुवा टीकांमध्ये मला दिसलेला नाही. सारख्या आवाजासाठी तयार अक्षर उसनं घेणं त्या काळी सर्रास चालायचं.

वाचनाआधी पाचही कडव्यांची यमकं एकदा तपासा, इतर कडव्यांतही आजचे उच्चार फसवतात.